रोल नंबर 23

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संस्थेच्या मीटिंगचा पत्ता मला पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत मिळाला होता. तो वहीच्या मागच्या पानावर लिहिला, खाली वार आणि वेळ लिहिली, आणि पान फाडून टाकलं. असं तीनदा झालं. मीटिंगपर्यंत पोचायला पाच महिने लागले.

माझ्याकडे एक स्टीलची पाण्याची बाटली होती. तिच्यात पाणी नसतं हे घरात फक्त मलाच माहीत आहे, असा माझा समज होता.

चौथ्यांदा पत्ता लिहिला तेव्हा मात्र गेले. यादीत मंगळवार, संध्याकाळी 7 असं होतं. मी पावणेसातलाच दारात. दाराला कुलूप, कुठे चिठ्ठीचपाटी नाही. साडेसातपर्यंत जिन्याजवळ उभी राहिले, कोणी आलं की मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करत. खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं! 'मी जाऊन आले' असं आता छातीठोकपणे सांगता येणार होतं, आणि त्या एका वाक्याच्या जिवावर मी पुढचे सहा आठवडे प्यायले.

मग एका रात्री ऑनलाइन मीटिंगची लिंक उघडली. कॅमेरा बंद, माइक बंद. टॅब्लेट लेकीचा होता, आणि तिच्या वर्गासाठी घातलेलं नाव तसंच राहिलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मीटिंग चालवणारे गृहस्थ अगदी गंभीर आवाजात म्हणाले, "रोल नंबर 23, तुमचं स्वागत. बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर नुसतं ऐका." कोणी हसलं नाही. मीच हसले, तोंडावर उशी दाबून.

त्यानंतर एक जण सांगत होता, की पिशवीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटून वाजू नयेत म्हणून तो मधे पायमोजे घालायचा. मी टॉवेलचा तुकडा घालायचे. तो पुढे काय बोलला ते मला आठवत नाही. त्या मोज्यांपाशीच मी अडकले.

दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनला फोन लावला. माझी तयारी होती, आता हे देवाधर्माचं काहीतरी सांगणार. पलीकडून प्रश्न आला, "ताई, आज घेतलीय का?" घेतली होती. "रोज घेता? सकाळी हात थरथरतात?" थरथरत होते. "मग एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, मग मीटिंगला या." रोज भरपूर पिणाऱ्याने झटक्यात सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं म्हणा.

त्यांनीच सांगितलं की यादीवर विसंबू नका. जागा बदलतात, वेळा बदलतात, निघण्याआधी फोन करून खात्री करायची. खुल्या मीटिंगला नातेवाईक, मित्र कोणीही येऊन बसू शकतो. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी एक डबा फिरतो, नवख्याने त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. फक्त बायकांच्या मीटिंगाही असतात. नवऱ्यासाठी त्यांनी अल-अ‍ॅनॉनचं नाव सुचवलं, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट. तो अजून गेलेला नाही. तो त्याचा प्रश्न.

पहिल्या प्रत्यक्ष मीटिंगमध्ये एका म्हाताऱ्या बाईंनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सुरुवातीची गोष्ट सांगितली. मे 1935, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कचा बिल विल्सन कामासाठी तिथे आलेला, सौदा फिसकटलेला, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला. चर्चची यादी बघून नंबर फिरवत गेला, आपल्यासारखाच कोणी बेवडा बोलायला मिळतो का म्हणून. शेवटी डॉक्टर बॉब हा सर्जन भेटला. त्याने पंधरा मिनिटं देईन म्हणून सांगितलं होतं, बसले कित्येक तास. बॉबचा शेवटचा पेग 10 जून 1935 चा धरतात, आणि तोच संस्थेचा स्थापना दिवस.

गोष्ट ऐकून मनात आलं, या माणसाने पाच महिने दारूशिवाय काढले होते, आणि माझे पाच महिने वहीची पानं फाडण्यात गेले. शेजारच्या बाई कानाशी म्हणाल्या, "माझी सात वर्षं गेली."

देवाशी माझं फारसं जमत नाही आणि बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे संस्थेच्या दारू सोडण्याच्या कार्यक्रमात, तो वारंवार भेटतो. त्यावर माझी स्पॉन्सरबरोबर, म्हणजे मला वाट दाखवणाऱ्या जुन्या सदस्येबरोबर, अजून वादावादी चालते. ती म्हणते, भांड, पण गुरुवारी ये. मी जाते.

कुलूप लागलेली ती मंगळवारची मीटिंग केव्हाच बंद पडलीय, असं नंतर कळलं. यादीत ती अजून तशीच आहे. दोनदा कळवून झालंय. उद्या पुन्हा फोन करणार आहे.