धुके आणि वारा

माझ्या रहस्यकथा-मालिकेतील तिसऱ्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण मी मे महिन्यात लिहीत होते, आणि त्या प्रकरणात जानेवारीतली पहाट होती. ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांना टेकलेला, बाहेर लू सुटलेली, आणि माझे निवृत्त पोस्टमास्तर मात्र शहराच्या लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्यात दोन स्वेटर घालून प्रेताजवळ उभे. पहिले पुस्तक उन्हाळ्यातले होते, दुसरे पावसाळ्यातले. तेव्हा हिवाळ्याची पाळी येणारच होती.

खरे तर रहस्यकथा लिहिणाऱ्याला हिवाळ्यासारखा सोबती नाही. मफलर आणि माकडटोपीत नवरासुद्धा चटकन ओळखू येत नाही, मग संशयिताची काय कथा! दिल्लीकडून येणारी गाडी पाच तास उशिरा आली असे कोणी सांगितले, तर जानेवारीत त्यावर कोणी शंका घेत नाही. त्यातच थंडीमुळे मृत्यूची वेळही गोंधळात पडते, कारण गारठलेल्या खोलीत शरीर लवकर थंड होते, पण त्याचे ताठरणे मात्र उशिरा सुरू होते. माझ्या कथेतील एक संशयित ती अख्खी संध्याकाळ आपण हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी, समारोहाच्या मैफलीत होतो असे सांगत होता. तो समारोह डिसेंबरात होतो आणि माझा खून जानेवारीत पडला होता, हे वेळीच लक्षात आल्यामुळे मी त्याला ग्वाल्हेरच्या मेळ्यात पाठवले. तो १९०५ पासून भरणारा मेळा ऐन थंडीतला आहे आणि तिथल्या गर्दीत कोण कधी आला-गेला हे कोणालाच सांगता येत नाही.

खुनाचे साधन होते कोळशाची शेगडी. बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि आपले रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. इतक्या गारठ्यात मृताचे गाल गुलाबी कसे, हा पोस्टमास्तरांना पडलेला आणि या वायूकडेच बोट दाखवणारा प्रश्न मला स्वतःलाच फार आवडला होता.

हस्तलिखित सासूबाईंनी वाचायला घेतले. त्यांचा जन्म लष्करातलाच, त्यामुळे शेगडीबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती अकराव्या प्रकरणाबद्दल, जिथे मारेकरी दाट धुक्यातून पळतो आणि बोचरा वारा त्याच्या कानांना झोंबतो.

“अगं, वारा सुटला की कोहरा टिकतो का कधी? आणि संध्याकाळी सातलाच इतका दाट कुठून आला तुझा? तो पडतो पहाटे.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमच्याकडचे धुके निरभ्र, निवांत रात्री जमिनीतली ऊब वर निघून गेल्यावर जमते आणि सूर्योदयाच्या आसपास सर्वांत दाट असते. जोराचा वारा त्याला टिकू देत नाही. चाळीस हिवाळे याच शहरात काढूनही मी दोन्ही एकाच परिच्छेदात घातले, याचे कारण इतकेच, की दोन्ही शब्द कानाला गार लागतात. पळ काढण्याची वेळ सातावरून पहाटे पाचवर नेली, तेव्हा मेळ्याचा आधार कोसळला, चौकीदाराची साक्ष खोटी ठरली आणि चार प्रकरणे नव्याने लिहावी लागली. वारा तेवढा मी काढून टाकला, जरा जड मनानेच.

शेवटचे पान काल रात्री संपले. पुन्हा चाळताना दिसले, की पोस्टमास्तरांनी दुसऱ्या प्रकरणात गळ्याला गुंडाळलेला मफलर पुढे कुठेच उतरवलेला नाही. तो मी त्यांच्याकडून उतरवून घेतला, खुंटीला अडकवला, आणि कुलरमध्ये पाणी भरायला उठले.