वीट, उबग, निर्वेद

मंगळवार, रात्र

'जगाचा वीट आलाय' हे आपण किती सहज बोलून जातो. आज दिवसभर हा वीट डोक्यात घोळत होता. कापडाचा रंग विटतो, शिळं अन्न विटतं. कापड फाटलेलं नसतं, अंगावर घालताही येतं, पण त्याचं तेज गेलेलं असतं. माणूस जगाला विटतो तेव्हाही बाहेर काही मोडलेलं नसतं. तीच सकाळ, तीच माणसं, तीच कामं. म्हणून तर त्याला नेमकं काय झालंय हे कुणाला सांगता येत नाही.

उबग अधिक तीव्र. वीट आला की नकोसं होतं, उबग आला की सोसवत नाही. उबगात थोडी शिसारी असते आणि चीडही असते, आणि म्हणूनच उबग आणि विरक्ती यांची गल्लत करू नये असं मला मनापासून वाटतं. विरक्त माणसाचं जगाकडे काही मागणंच उरलेलं नसतं. उबगलेल्याचं मागणं मात्र शाबूत असतं. 'काय चाललंय हे सगळं!' असं तो म्हणतो, कारण ते वेगळं असावं अशी त्याची अजून इच्छा आहे. 'त्याचं आता कशातच लक्ष नाही, अगदी विरक्त झालाय' असं लोक ज्याच्याविषयी बोलतात, तो पुष्कळदा नुसता उबगलेला असतो. त्याला एकटं सोडणं हा त्याच्यावर अन्यायच.

संस्कृतातला निर्वेद, म्हणजे सगळ्यावरून मन उडणं, या सगळ्यांना पोटात घेतो. भरताच्या नाट्यशास्त्रात 33 व्यभिचारी भाव, म्हणजे मनात येऊन जाणारे भाव, आहेत, त्यांत पहिला निर्वेद. त्याची कारणं वाचताना मी थबकले. दारिद्र्य, व्याधी, अपमान, आवडत्या माणसाचा वियोग आणि त्याच ओळीत तत्त्वज्ञान! उपाशी माणसाचा निर्वेद आणि ज्ञान्याचा निर्वेद यांना एकच नाव. पुढे मम्मट या काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाश या ग्रंथात निर्वेदाला शांतरसाचा स्थायी भाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी टिकून राहणारा भाव, मानलं. म्हणजे येऊन जाणारा भाव तिथे मुक्कामाला आला. पण मला भरताची सरमिसळ जास्त खरी वाटते. आतून बघणाऱ्याला आपला निर्वेद कुठल्या कारणातून आलाय हे त्या घडीला कुठे कळतं?

स्मशानवैराग्य हा शब्द आपण हिणवून वापरतो. घरी पोचेपर्यंत ओसरणारं वैराग्य, म्हणून. ओसरतं हे खरं, पण चितेसमोर उभं असताना ते खोटं नसतं. थोडा वेळ टिकलं म्हणून त्याला ढोंग का म्हणायचं?

आणि मग आपला रोजचा कंटाळा. अभ्यासाचा कंटाळा, भांडी घासायचा कंटाळा. वर्तमानपत्रात मात्र 'आजारपणाला कंटाळून' असं छापून आलं की पुढे काय असणार हे वाचणाऱ्याला आधीच कळतं. 'जिवाला कंटाळलो' यातही तोच शब्द. इतकं हलकं आणि इतकं जड ओझं एकाच शब्दावर, त्यामुळे ऐकणाऱ्याची फसगत होते. बोलणाराही आडोसा म्हणून तोच शब्द घेतो. 'कंटाळा आलाय' म्हटलं की कुणी फार खोलात जात नाही.

संध्याकाळी मावशीचा फोन होता. बोलता बोलता म्हणाली, "कंटाळा आला गं आता सगळ्याचा." एरवी मी 'चार दिवस इकडे ये' म्हणून विषय बदलला असता. आज विचारलं, "सगळ्याचा म्हणजे कशाचा, मावशी?" ती जरा थांबली. म्हणाली, "बरी आहे, बरी आहे, असं सगळ्यांना सांगत बसायचा." मग पाय किती दुखतात, रात्री झोप कशी लागत नाही, हे सगळं पहिल्यांदा नीट बोलली. उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे. मी तिच्याबरोबर जाणार आहे.