सिन्स की फॉर? आपलं ‘पासून’ इंग्रजीत कुठं अडतंय

मी मँचेस्टरला आल्यापासून कोल्हापुरातनं मित्रांच्या धाकट्या भावंडांचे फोन येतात, आयईएल्टीएस (परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा) देतोय दादा, जरा इंग्रजीत बोलून घे की म्हणून, आणि बहुतेकांचं एकाच जागी अडतंय. पोरं हुशार आहेत, शब्द भरपूर येतात, पण ‘आय ॲम लिव्हिंग इन कोल्हापूर सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य ठरलेलंच.

यात पोरांचा दोष नाही. आपल्याकडं ‘पासून’ दोन्हीकडं चालतंय, दहा वर्षांपासून राहतोय, २०१५ पासून राहतोय, क्रियापद पण तेच. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, किती काळ झाला ते सांगायचं तर फॉर. शिवाजी युनिव्हर्सिटी १९६२ ची, म्हणून सिन्स नाइन्टीन सिक्स्टी टू, आणि साठ वर्षं होऊन गेली म्हणायचं तर फॉर ओव्हर सिक्स्टी इयर्स. ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ आपल्याकडं सर्रास बोलतात, इथं ते लगेच खटकतं, तिथं फॉर द लास्ट टू इयर्स पाहिजे.

खरी मेख काळाची आहे बघा. मागं सुरू झालेलं अजून चालू असेल तर ‘ॲम लिव्हिंग’ चालत नाही, ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं, मग पुढं सिन्स असू दे नाहीतर फॉर. पण फॉर संपलेल्या गोष्टीलाही लागतं. शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ राज्य केलं, तिथं ‘रूल्ड फॉर ट्वेंटी एट इयर्स’ बरोबर, सिन्स बसणारच नाही.

आणि म्हणूनच ‘आय लिव्ड इन कोल्हापूर फॉर ट्वेंटी इयर्स’ म्हटलं की ऐकणारा समजतो, हा आता तिथं राहत नाही. ‘हॅव लिव्ड’ म्हटलं की अजून तिथंच. कोल्हापुरातच, राजारामपुरीत राहणाऱ्या पोरानं पहिलं वाक्य बोललं तर समोरचा विचारणारच, मग आता कुठं असतोस? मला मात्र तेच पहिलं वाक्य बोलावं लागतं, आणि दर वेळी ते जड जातं.

आयईएल्टीएसमधल्या स्पीकिंगचा, म्हणजे बोलण्याच्या परीक्षेचा, पहिला भाग घर, गाव, शिक्षण, काम अशा ओळखीच्या विषयांवर असतो, त्यामुळं हे येणारच. ज्यांची तारीख जवळ आलीय त्यांनी आपल्या गल्लीवर, तालमीवर पाच-सहा वाक्यं दोन्ही शब्द लावून मोठ्यानं बोलून बघा, आणि व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाका, मी ऐकून सांगतो.