बालरोगतज्ज्ञ झाल्यावर मी लॅबमध्ये का गेले

एमडी झाल्यावर घरचे म्हणाले, गोव्यात म्हापशाला क्लिनिक टाक. मी इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, पीएचडी करायचं ठरवलं. त्यामागे सत्तरी तालुक्यातला एक मुलगा होता, आणि त्याहून जास्त त्याची आई.

बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात मी रेसिडेंट असताना तो सारखा दाखल व्हायचा. कधी मानेत गळू, कधी यकृतात. एका पावसाळ्यात त्याच्या पुवात क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम वाढला. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणारा हा जंतू कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, अनवाणी फिरणाऱ्या कुणाच्याही पायाला लागेल, पण आजारी क्वचितच कुणाला पाडतो. त्यामुळे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजची शंका आली. या आजारात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जंतूला गिळतात, पण मारताना कमी पडतात. मारण्यासाठी लागणारं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम काम करत नाही.

त्यासाठीची डीएचआर चाचणी (हे एन्झाइम काम करत असेल तर पेशी चमकतात) ताज्या रक्तावरच करावी लागते, कारण न्यूट्रोफिल फार टिकत नाहीत. मुलाचे आणि त्याच्या आईचे नमुने रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले. सोबत माझंही रक्त होतं. निरोगी माणसाचा नमुना त्याच डब्यातून गेला नाही, तर पेशी आजारानं गप्प आहेत की प्रवासानं, हे कळत नाही.

आलेखात माझ्या पेशी चमकल्या, मुलाच्या नाहीत. आईच्या आलेखाला मात्र दोन शिखरं होती. तिच्या काही पेशींत एक्स गुणसूत्राची निरोगी प्रत चालू होती, बाकीच्यांत सदोष. तिनं विचारलं, "म्हणजे हे माझ्यामुळं झालं?" कुठला एक्स मुलाकडे जाईल हे कुणाच्याच हातात नसतं, हे मी तिला पुनःपुन्हा सांगितलं. मग विचारलं, "उन्हात गेल्यावर तोंडावर चट्टे येतात का तुम्हाला?" येत होते, लग्नाआधीपासून. तोंडही यायचं. अशी सदोष प्रत असलेल्या काही वाहक स्त्रियांना ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते तो आजार) त्रास होतो हे नोंदलेलं आहे, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

जंतूशी लढताना कमी पडणारी यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर का उलटते? याच प्रश्नावर मी पीएचडीला अर्ज केला. पुढची वर्षं कष्टाची गेली. स्टायपेंड तुटपुंजा, बरोबरीच्यांची हॉस्पिटलं उभी राहत होती. अभ्यासासाठी रक्त देण्याचं संमतीपत्र मराठी आणि कोंकणीत साध्या भाषेत उतरवणं मला सर्वांत मोलाचं वाटलं, कारण सही करणाऱ्या बायकांना आपलं रक्त कशासाठी जातंय ते समजायलाच हवं.

मुलगा जंतू आणि बुरशी रोखणारी कोट्रायमोक्साझोल आणि इट्राकोनाझोल ही औषधं रोज घेतो, बोनमॅरोसाठी दाता शोधणं चालू आहे. आईचा आता माझ्या ओपीडीत स्वतंत्र केसपेपर आहे.