शेवंड

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात माणूस दोनच कामं करतो. कूलरमध्ये पाणी टाकतो आणि कूलरसमोर पडून राहतो. पाणी टाकून झालं होतं. पडल्या पडल्या पेपर उलगडला, तर आतून नव्या हॉटेलाचं गुळगुळीत पत्रक घसरलं. सुरमई, पापलेट, बांगडा, आणि सगळ्यात खाली जाड ठशात 'शेवंड : दर आकारानुसार'. पारा ४५ वर, मुंबईचा समुद्र रेल्वेने आठशेच्या वर किलोमीटर, आणि धरमपेठेत शेवंड!

हा शब्द वाचला की मला आजही आधी फूल दिसतं. दोष काकूचा. काका पोस्टात होते, त्यांची मालवणला बदली झाली आणि परत येताना ते काकू घेऊन आले. आजी हे असंच सांगायची, जसे काही काजू आणले. आमच्याकडे मासळी म्हणजे तळ्यातली मरळ, नाहीतर वांग्यात घातलेले सुके झिंगे. काकू झिंग्यांना मोजायचीच नाही. बसच्या पाटीवर 'झिंगाबाई टाकळी' वाचून ती पदर तोंडाला लावून हसायची, "झिंगा काय बाईचा नाव!" मग कोपरापर्यंत हात दाखवून म्हणायची, "शेवंड असता एवढी. गावाक समुद्र नाय, तुमका काय कळतला!" मी सहा-सात वर्षांचा. मला शेवंती माहीत होती. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं माझ्या डोक्यात समुद्राच्या तळाशी एक हातभर लांबीचं पिवळं फूल फुलत होतं आणि कोळी ते देठासकट खुडत होते.

ती प्रत्यक्ष भेटली कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फॉर्मलिनच्या बरणीत. रंग जुन्या पेपरासारखा, मिशा बरणीत मावेनात म्हणून दुमडलेल्या. बरणीवर चिठ्ठी : 'पॅलिन्युरस'. मी प्रॅक्टिकलच्या वहीत तिला ऐटीत दोन मोठे चिमटे काढले, कारण शेवंड म्हणजे लॉब्स्टर, आणि लॉब्स्टर म्हटलं की चिमटे. सरांनी लाल पेनाने ते खोडले. "अबे, तिला चिमटे नसतात, काटे असतात. बरणी समोर आहे न, पाहून तं काढ."

खरंच नसतात. म्हणून मग अंगभर काटे, आणि अंगापेक्षा लांब मिशा, आल्या-गेल्याला झोडपायला. कोणी धरलंच तर मिशीचं बूड डोळ्याखालच्या कडेवर घासून ती करकरते, सारंगीवर गज ओढावा तशी. हे वहीत काढता येत नाही.

त्या चिठ्ठीवरच्या नावाचा अर्थ मला फार उशिरा कळला. पॅलिन्युरस हा व्हर्जिलच्या 'इनीड' महाकाव्यातला सुकाणूवाला. भर रात्री, शांत समुद्रात, निद्रादेवाने त्याच्या डोळ्यांवर झोप शिंपडली आणि त्याला पाण्यात ढकलून दिलं. हातात सुकाणूचा तुकडा तसाच. तीन रात्री तो पाण्यात तरंगला, चौथ्या दिवशी इटलीच्या किनाऱ्याला लागला, आणि तिथल्या लोकांनी त्याला मारून टाकलं. भरपाई म्हणून एका भूशिराला त्याचं नाव मिळालं. १७९५ मध्ये वेबर नावाच्या शास्त्रज्ञाने तेच नाव या काटेरी बाईला दिलं.

आता विनोद बघा. वाट चुकलेल्याचं नाव जिला दिलं, ती वाट चुकतच नाही. २००३ साली बोल्स आणि लोहमान या दोन शास्त्रज्ञांनी फ्लोरिडाकडच्या शेवंडी धरल्या, बंद डब्यात घालून १२ ते ३७ किलोमीटर लांब नेल्या, वर डोळ्यांवर टोप्या चढवल्या. पाण्यात ठेवल्यावर त्या घराच्या दिशेने चालू लागल्या. पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना कळतं. तिकडच्या शेवंडी शरद ऋतूत वादळांनंतर समुद्राच्या तळावरून एकामागे एक रांगेत निघतात, मिशा पुढचीला टेकवून, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन निघतात तशा.

काकूचंही तसंच. महाल भागातल्या आमच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात, जिथे मला स्वतःला पूर्व-पश्चिम कळत नसे, ती बोलता बोलता पळी उचलून दाखवायची, "आमचो समुद्र ह्या बाजूक." पळी कधी चुकली नाही.

नावाची गोष्ट राहिलीच. पुढे १८४७ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अ‍ॅडम व्हाइटला आणखी दोन जातकुळ्यांना नावं द्यायची होती. त्याने 'पॅलिन्युरस'चीच रोमन अक्षरं हलवली. एकदा 'पॅन्युलिरस' झालं, एकदा 'लिन्युपॅरस'. अक्षर एकही नवीन नाही. आपल्या किनाऱ्यावर मिळते ती पॅन्युलिरस, म्हणजे आमच्या बरणीवरची चिठ्ठी चुकलेलीच असणार. सरांना आता कुठे सांगू.

व्हाइटने निदान अक्षरं तरी तीच ठेवली. आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने सरळ दुसरं नाव लिहिलं. घरात पितळेचा एक डबा होता, त्याच्या कडेला टोचून लिहिलेलं : 'कु. सुलभा'. आमच्या घरी सुलभा नावाचं कोणीच नव्हतं. मला वाटायचं, दुकानदाराने चुकून दुसऱ्याचा डबा दिला. एकदा काकूला विचारलं तेव्हा तिने तो माझ्या हातातून घेतला, चिंचेने घासला आणि फळीवर नाव भिंतीकडे करून ठेवला.

पत्रक हातात होतंच, फोन लावला. काकू आता वर्धा रोडला चुलतभावाकडे असते, चौथ्या मजल्यावर.

"काकू, धरमपेठेत शेवंड आली."

पलीकडे जरा वेळ नुसता पंखा ऐकू आला.

"करकरता?"

"फ्रीझरमधली असेल ती."

"मगे ती शेवंड न्हय," असं म्हणून तिने फोन ठेवला.