आमची वाटचाल: छर्‍यांच्या हिशेबाकडून तासाच्या हिशेबाकडे

म्हापशाजवळची चिऱ्याच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची शेड आणि त्यात एअर रायफलने नेमबाजी करायच्या ४ लेन, एवढ्यावर धंदा सुरू झाला. तेव्हा दरफलकावर एकच ओळ होती: १० छर्‍यांचे अमुक रुपये. जत्रेतल्या फुग्यांच्या दुकानासारखा हिशेब. मुलाच्या हातात १० छर्रे मोजून दिले की ३ मिनिटांत संपतात, मूल वडिलांकडे बघतं, वडील पुन्हा खिशात हात घालतात. गल्ल्याला बरं, पण मुलाला ट्रिगर हिसकायची सवय लागते आणि ती सोडवायला महिने जातात. म्हणून दर बदलला. आता एका मुलाचा एक तास, त्यात जास्तीत जास्त २० छर्रे आणि प्रत्येक मुलामागे घरचा एक मोठा माणूस.

तासाचा पहिला अर्धा भाग छर्‍याविनाच जातो. आधी डोळा तपासायचा. दोन्ही तळवे जुळवून मध्ये छोटी फट ठेवायची आणि तीतून समोरचा दिवा बघायचा. मग एकेक डोळा मिटायचा. जो मिटल्यावर दिवा फटीतून नाहीसा होतो, तो नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डोळा डावा निघाला तर आम्ही त्याला डाव्या खांद्यावर रायफल धरून बघायला सांगतो. ते जमलंच नाही तर डाव्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावतो. डोळा घट्ट मिटू देत नाही, कारण त्याने सगळा चेहराच आखडतो.

मग दस्त्याची, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाची लांबी. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं की तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर यायला हवं. दस्ता लांब असेल तर मूल पाठीत मागे वाकतं आणि रायफल पोटावर पेलतं. स्पर्धेच्या रायफलला साडेपाच किलोपर्यंत वजनाची मुभा आहे. १० वर्षांच्या मुलाला ते पेलणारच नाही. लहान मुलं आमच्याकडे टेकणावर रायफल ठेवूनच शिकतात. हात मोकळे राहिले की लक्ष ट्रिगरवर राहतं.

पाय रोवून, नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि उघडायचे. नेम बाजूला सरकलेला दिसला तर पाय हलवायचे. हाताने रायफल ओढून आणायची नाही. हे एकच पाऊल नीट बसलं तर पुढची निम्मी दुरुस्ती वाचते.

पहिले ५ छर्रे ५ मीटरवरून, कोऱ्या पांढऱ्या कार्डावर. वर्तुळं दिसली की मूल गुण मोजू लागतं. कोऱ्या कार्डावर फक्त भोकं एकमेकांजवळ आली का एवढंच बघायचं असतं. पाचही भोकं १० रुपयांच्या नाण्याखाली, म्हणजे २७ मिमीत, झाकली गेली की लेन १० मीटरची होते. तिथल्या छापील कार्डावर काळा भाग ३०.५ मिमीचा आणि दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिमीचा. छर्राच ४.५ मिमीचा असतो, त्यामुळे ठिपका दिसेनासा होणं हेच यश. नळीच्या टोकाशी नेम धरायची जी कडी असते, तिचा व्यास मात्र सुरुवातीला मोठा ठेवतो. कडी लहान असेल तर काळा गोल आत बसल्यासारखा वाटतो त्या क्षणी मूल घाईने ट्रिगर ओढतं.

भोकांची उभी रांग पडली तर श्वास किंवा गालाची जागा बदलतेय. आडवी पडली तर पाय नाहीतर रायफलचा कल. एखादं भोक फार दूर गेलं तर बहुतेक वेळा नेम फार वेळ धरलेला असतो. ८ सेकंदांत छर्रा सुटला नाही तर रायफल खाली, पुन्हा पहिल्यापासून. मागे उभ्या बाबांनी “मार रे, मार” म्हटलं की हे सगळं वाया जातं, म्हणून बाबांना आम्ही काम देतो: भोकं पेन्सिलीने वहीत उतरवणं.

नळी खाली मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलीत नळी हाताने धरून ठेवल्याशिवाय छर्रा बसवू देत नाही. ट्रिगर चुकून दाबला गेला तर स्प्रिंग नळी झटक्याने वर फेकते आणि बोट सापडतं. छर्‍याविना उडवली तर पिस्टनचं वॉशर जातं. हवेच्या सिलिंडरच्या रायफलींना हा धोका नाही, पण सिलिंडर २०० बार दाबापर्यंत कोरड्या हवेनेच भरायचा. प्राणवायू कधीच नाही.

पावसाळ्याने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळला की “थांबा” ही हाक तिसऱ्या लेनपर्यंतही पोचत नाही. आता प्रत्येक लेनसमोर लाल दिवा आहे. तो लागला की बोट ट्रिगरबाहेर, रायफल टेबलावर, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात केशरी दोरी. वीज गेली तरी नियम तोच. कार्डं दमट झाली की भोकाची कड फाटते आणि गुणांवरून भांडण होतं, म्हणून ती पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो. नळ्या रोज तेलाच्या फडक्याने पुसतो. नेमबाजीच्या जाकिटांना बुरशी लागते, त्यावर पंख्याखाली वाळवण्याशिवाय इलाज सापडलेला नाही.

गर्दी चवथीच्या सुट्टीत. मुंबई-पुण्याची भावंडं एकत्र येतात आणि एका घरातली ७-८ मुलं एकदम दारात. तरी एका लेनवर एकच मूल. बाकीची मागच्या बाकावर. बागेत माकडं केळी सोडत नाहीत, रायफल आठवडाभर द्या, असंही कुणीतरी दरवर्षी विचारतं. ४.५ मिमी आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे खरं. तरी रायफल दाराबाहेर जात नाही.

छर्रे शिशाचे. लेनवर पाव-भजी नाही, निघताना साबणाने हात धुणं सक्तीचं. कार्डामागे छर्रे अडवणाऱ्या सापळ्याखालची जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसतो. बऱ्याच मुलांचे तास संपताना २० पैकी ६-७ छर्रे डबीत शिल्लक असतात. ते आम्ही परत ५०० च्या डब्यात टाकतो, आणि बिलात काही बदलत नाही.