ल्युसेंटचं इंटरनल मॉडेम, डेबियन आणि इंटरकॉमचा डबा: शेवटी कनेक्ट ३१२००

तर मंडळी, चाललं. जुन्या पीसीतलं इंटरनल मॉडेम (फोनच्या लाईनवरून इंटरनेट जोडणारं कार्ड) लिनक्सवर चालवून दाखवतो म्हटलं होतं तेव्हा दोघातिघांनी हसून घेतलं होतं, त्यांनी आता ऐका: काल रात्री ३१२०० ला (म्हणजे सेकंदाला ३१२०० बिट) कनेक्ट झालं, पीपीपी (फोनच्या लाईनवरून इंटरनेट नेणारी जोडणी) वर आलं आणि पाऊण तास टिकलं. पाच रविवार गेले त्यात, त्यातला एक तर निव्वळ माझ्या येडेपणात गेला, ते पुढे येईलच.

मशीन म्हणजे पेंटियम थ्री, ८१५ चिपसेटचा बोर्ड, २५६ एमबी रॅम आणि २० जीबीची हार्ड डिस्क, जी सुरू होताना जात्यासारखी घरघरते. आमचं घर सांगलीत गावभागात, २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं होतं नव्हतं ते गेलं, हा डबा माळ्यावर पडून होता म्हणून वाचला. मॉडेम कार्ड २००३ सालचं, त्यातच बसवलेलं. त्यावेळी एका मासिकाबरोबर आलेल्या सीड्यांवरून रेड हॅट ९ (त्यावेळचं एक लिनक्स) टाकलं होतं, सगळं झकास, आवाज पण आला, फक्त मॉडेम काय सापडेना. ज्याच्याकडून घेतलं तो म्हणाला, ते लिनक्सबिनक्सवर चालत नसतंय, विंडोज टाका आणि मोकळे व्हा. झालो मोकळा, पण ते डोक्यातून कधी गेलं नाही.

आता कळतं की तो पूर्ण चूकही नव्हता. मॉडेम म्हणजे तीन कामं असतात. एक लाईनला भिडणारा भाग, म्हणजे फोन उचलणं, ठेवणं आणि लाईनचा करंट पीसीपासून वेगळा ठेवणं. दुसरा डीएसपी, जो आकड्यांचे आवाज आणि आवाजांचे आकडे करतो. तिसरा कंट्रोलर, म्हणजे एटी कमांड (मॉडेमला द्यायचे हुकूम) समजून घेणं, चुका दुरुस्त करणं (व्ही.४२) आणि कॉम्प्रेशन (व्ही.४२बिस). बाहेरच्या सिरियल मॉडेममध्ये तिन्ही असतात, म्हणून ते कशालाही जोडा, चालतं. स्वस्तातल्या पीसीआय कार्डात कंपन्यांनी तिसरं काम काढून सीपीयूच्या गळ्यात घातलं, काहींनी दुसरं पण, आणि ते करणारा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी दिला. म्हणून नाव विनमॉडेम. म्हणजे आपण दुकानातून आणलं ते अर्धंच मॉडेम, उरलेलं अर्धं सीडीवर. सीडी हरवली की कार्ड म्हणजे नुसता पत्रा.

त्यामुळे पहिला धडा, आणि हा मी दहा वेळा सांगेन: खोक्यावरचं नाव बघू नका, चिप बघा. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या खोक्यात वेगवेगळ्या चिपची कार्डं यायची. एलएसपीसीआयला (पीसीत कोणती कार्डं आहेत ते दाखवणारी लिनक्सची कमांड) आकडे दाखवायला सांगितलं की व्हेंडर आणि डिव्हाइसचा नंबर मिळतो, माझ्या कार्डाचा ११सी१ आणि ०४४८, म्हणजे ल्युसेंट कंपनी (पुढे त्याचं अगेरे झालं). आणि इथे नशीब जोरावर निघालं राव, कारण ल्युसेंटच्या या कार्डात डीएसपी कार्डावरच असतो, फक्त कंट्रोलर नसतो. अर्ध्यापेक्षा जास्त मॉडेम म्हणायचं. मिरजेच्या भंगारातून स्पेअर म्हणून अजून दोन कार्डं पन्नास-पन्नास रुपयाला उचलली होती, ती दोन्ही कोनेक्झंट कंपनीच्या चिपची निघाली, व्हेंडर १४एफ१, त्यांच्या नादाला यावेळी लागलो नाही.

पहिल्या रविवारी मात्र एलएसपीसीआयमध्ये काहीच दिसलं नव्हतं. कार्ड काढलं, सोनेरी दात खोडरबरने घासले, शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं, दिसलं. इतकं सोपं दर वेळी होत नाही म्हणून नोंदवून ठेवतोय.

ड्रायव्हरचं नाव मार्टियन, कारण ल्युसेंटच्या या चिपच्या घराण्याला मार्स म्हणतात. याचे दोन तुकडे. एक छोटं कर्नल मॉड्यूल (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), ज्याचा सोर्स उघडा आहे आणि जे फक्त कार्डाशी बोलतं, आणि दुसरा साधा प्रोग्राम, जो कंट्रोलरचं सगळं काम करतो, त्याच्या पोटात मात्र कंपनीची बंद ऑब्जेक्ट फाईल, म्हणजे सोर्स न देता तयार दिलेला कोड. ती ३२ बिटची, त्यामुळे ६४ बिट सिस्टिमचा नाद सोडा. मला हे वाटप आवडलं, बंद माल कर्नलच्या बाहेर राहतो, कोसळला तर प्रोग्राम कोसळतो, मशीन नाही. मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी लिहिलेलं म्हणून डेबियन ५ लेनी (लिनक्सचीच एक जुनी आवृत्ती) टाकलं, २००९ चं, कर्नल २.६.२६. पॅकेजेस आता डेबियनच्या अर्काइव्हवर मिळतात, सोर्सेस लिस्टमधला पत्ता बदलावा लागतो आणि ॲप्ट (पॅकेजेस उतरवणारा प्रोग्राम) किल्ल्या जुन्या झाल्या म्हणून कुरकुर करतं, करू द्या. हे सगळं उतरवायला लॅनची केबल लावली. ही केबल लक्षात ठेवा.

ड्रायव्हर कंपाईल करताना मेक (कंपाईल करून घेणारा प्रोग्राम) म्हणतंय फाईलची वेळ भविष्यातली आहे. माझं डोकं फिरलं, मग दिसलं की बोर्डावरचा सेल मेलाय आणि मशीनला वाटतंय अजून २००० साल चालू आहे. चाळीस रुपयाचा २०३२ सेल टाकला, तारीख लावली, मेक गप. मॉड्यूल चढवलं, प्रोग्राम रूटने चालवला आणि डेव्हच्या खाली टीटीवायएसएम०, म्हणजे मॉडेमचा पोर्ट, दिसलं. मिनिकॉम (पोर्टशी टाईप करून बोलायचा प्रोग्राम) उघडून एटी टाईप केलं, खाली ओके. खरं सांगतो, वीस वर्षांनी दोन अक्षरं बघायला मिळाली, मी उठून चहा करून आलो.

आता फोन कुठे लावायचा? डायल-अपला नंबर फिरवायला पलीकडे कोणीतरी पाहिजे. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं तिथून पुढे दहा-एक वर्षं हेच आपलं इंटरनेट होतं, पण आता घरात तांब्याची तारच नाही, फायबर आलाय, आणि त्याच्या डब्यातला फोन म्हणजे आवाजाची पाकिटं. माणसाचं बोलणं त्यातून छान जातं, मॉडेमला मात्र एक पाकीट उशिरा आलं तरी ताल चुकल्यासारखं होतं. म्हणून मिरजेच्या रेडिओवाल्या दोस्ताने सुचवलं ते केलं, ऑफिसात असतो तसला इंटरकॉमचा डबा आणला, एक लाईन आठ एक्स्टेन्शनवाला. २१ नंबरच्या एक्स्टेन्शनवर पीसी, २४ वर जुनं बाहेरचं सिरियल मॉडेम, त्याच्यामागे रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, त्यावर एमगेटी (आलेला फोन उचलणारा प्रोग्राम) आणि पीपीपीडी (पीपीपी चालवणारा). थोडक्यात घरच्या घरी प्रोव्हायडर, कोपऱ्यातल्या तिपाईवर.

डायल केलं. नो डायलटोन. परत केलं. नो डायलटोन. फोनचं यंत्र लावून ऐकलं तर टोन व्यवस्थित येतोय. इथे दोन भानगडी एकात एक होत्या. पहिली अशी की कार्डाला दोन सॉकेट असतात, एक लाईनचं आणि एक फोनचं, माझ्या कार्डावरचं लेबल कधीच उडालंय आणि मी वायर फोनच्या भोकात घातली होती. हाच तो येडेपणाचा रविवार. वायर बदलली तरी नो डायलटोन. दुसरी भानगड टोनची. आपल्या एक्स्चेंजचा टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा आणि सलग असायचा, डब्याचा टोन तुटक टुकटुक करतो, कार्डाला तो टोनच वाटत नाही. इलाज जुनाच, एटीएक्स३, म्हणजे टोनची वाट न बघता डायल कर, एंगेज मात्र ओळख. तरी पहिला आकडा कधीकधी डबा गिळायचा, म्हणून नंबराच्या आधी एक स्वल्पविराम टाकला, त्याने दोन सेकंद थांबतं. मग पलीकडे रिंग गेली, आणि उचलल्यावर तो २१०० हर्ट्झचा लांब सूर आणि त्यामागून खरखर, किरकिर, घंटा घासल्यासारखा आवाज. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय रे, ते परत आणलंस होय घरात?"

पीसीवर फोन फिरवणारा प्रोग्राम डब्ल्यूव्हीडायल, त्याची सेटिंगची फाईल हातानेच लिहिली. दोन ओळी महत्त्वाच्या. कॅरिअर चेक (लाईनवर पलीकडचा सूर चालू आहे का ते बघणं) नो करायचं, कारण टीटीवायएसएम० हा खरा सिरियल पोर्ट नाही, कॅरिअरची खरी तार तिथे नाहीच, मग डब्ल्यूव्हीडायल कनेक्ट होऊनसुद्धा लाईन गेली म्हणून फोन ठेवतं. आणि स्टुपिड मोड चालू करायचा, त्याने लॉगिनची वाट न बघता लगेच पीपीपी सुरू होतं, एमगेटी पलीकडे पीपीपीची पहिली फ्रेम बघूनच ओळखतं. पासवर्डात स्पेलिंग चुकलं होतं, ते दहा मिनिटात सापडलं.

आता ती केबल. पीपीपी० वर आलं, आयपी मिळाला, मी ब्राउझरमध्ये एक साधं पान उघडलं आणि ते झटकन उघडलं. मी दोस्ताला फोन करून ओरडून सांगितलं, तो म्हणाला, "झटकन? मग ते मॉडेमवरून नाय आलेलं भावा." लॉग बघितला तर पीपीपीडीने सरळ लिहिलंय की आधीचा डिफॉल्ट रूट (नेटवर जायचा ठरलेला रस्ता) बदलत नाही. सगळं लॅनवरून येत होतं आणि मॉडेम बिचारं नुसतं फोन धरून बसलेलं. केबल काढली, परत डायल केलं, पान वरून खाली ओळीओळीने उतरायला लागलं, तेव्हा खात्री पटली.

वेगाबद्दल विचारणार म्हणून आधीच सांगतो. ५६के का नाही? कारण व्ही.९० ला, म्हणजे ५६केच्या पद्धतीला, पलीकडची बाजू थेट डिजिटल लागते, प्रोव्हायडरकडे तशी असायची. दोन्हीकडे साधी मॉडेम असली की ३३६०० ही हद्द. मला आधी २६४०० मिळत होतं आणि मधूनच दोघं थांबून परत सूर जुळवायची. फोनची वायर इन्व्हर्टरच्या वायरबरोबर एकाच पट्टीतून नेली होती, ती सोडवून भिंतीच्या दुसऱ्या बाजूने नेल्यावर ३१२००. एक एमबीची झिप फाईल पाच मिनिटं आणि वर थोडी, पिंग (पाकीट जाऊन परत यायचा वेळ) १५० मिलिसेकंदाच्या आसपास. टेक्स्ट फाईल मात्र कॉम्प्रेशनमुळे दुपटीहून वेगाने येते, झिपला तो फायदा नाही, ती आधीच पिळलेली. आजच्या बहुतेक साईट्स लेनीचा आइसवीझल ब्राउझर उघडतच नाही, त्याला नवं टीएलएस (साईटशी गुप्तपणे बोलायची पद्धत) येत नाही, त्यामुळे बघायचं काय तर पायवर ठेवलेली माझीच पानं आणि साध्या एचटीटीपीवर उरलेल्या थोड्या जागा. मला चालतंय.

एक त्रास राहिला होता. इकडून फोन ठेवला तरी डबा पलीकडे काही कळवत नाही, पायचं मॉडेम उचललेलंच राहायचं आणि परत लावला की एंगेज. पायवर पीपीपीडीला दर ३० सेकंदाला एको विचारायला लावलं, चार वेळा उत्तर नाही तर फोन ठेव. दोन मिनिटात लाईन मोकळी होते आता.

पुढचा प्रयोग फॅक्सचा. कार्ड क्लास १ फॅक्स करतं, ई-फॅक्स हा प्रोग्राम टाकून ठेवलाय, आणि दोस्ताकडे थर्मल रोलचं फॅक्स मशीन आहे, ते २६ वर लावायचं ठरलंय. रोल तेवढा कुठे मिळत नाही, सांगली-मिरजेत कोणाकडे पडून असेल तर सांगा, पिवळा पडलेला असला तरी चालेल.